सल्ला हवा: एका दमात फुल केव्ह, की टप्प्याटप्प्याने?

गिरगावचा_मासा
नमस्कार मंडळी. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेलो, मग नेत्राणीला ओपन वॉटर, अंदमानात अ‍ॅडव्हान्स्ड आणि रेस्क्यू, असे स्कूबाचे कोर्स झाले. लॉगबुकात आज ८७ डाइव्ह. गेल्या वर्षी मेक्सिकोत तुलुमजवळच्या दोस ओहोस सेनोटेमध्ये (जमीन खचून झालेला पाण्याचा खड्डा, आत गुहा) गाइडबरोबर दोन डाइव्ह केल्या आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरतच नाही.

जानेवारीत तीन आठवड्यांची रजा मिळतेय. एक इन्स्ट्रक्टर म्हणतो पाण्याखालच्या गुहांमधल्या डाइव्हिंगचे तिन्ही कोर्स, म्हणजे कॅव्हर्न, इंट्रो आणि फुल केव्ह, सलग दहा दिवसांत उरकू. दुसरा म्हणतो पहिले दोनच कर, पुढचं पुढच्या खेपेला. मुंबईहून मेक्सिकोचं तिकीट दरवर्षी काढायची ऐपत नाही. बायको म्हणते, समुद्र पुरला नाही म्हणून आता बिळात शिरायचंय का. कुणी केलंय का इथे?

ठाण्याची_चिऊ
मी केलंय, दहा दिवसांत तिन्ही. कार्ड मिळालं, फोटो टाकले, सगळ्यांनी अंगठे दिले. नंतर १४ महिने गुहेचं तोंडही पाहिलं नाही, कारण ठाण्यात गुहा कुठून आणू?

परत गेले तेव्हाची गोष्ट. दुसऱ्याच डाइव्हला, वाट चुकू नये म्हणून गुहेत बांधलेल्या दोरीला फाटा फुटतो तिथे आले आणि बाहेरची वाट दाखवणारी माझी खूण दोरीच्या चुकीच्या अंगाला लावली. म्हणजे परतताना अंधारात हाताने चाचपत आले असते, तर माझ्याच खुणेने मला आत पाठवलं असतं. जोडीदाराने टॉर्च हलवून थांबवलं. मला तोवर कळलंही नव्हतं, याचीच जास्त भीती वाटली. कोर्समध्ये हेच मी बिनचूक केलं होतं, पण तेव्हा इन्स्ट्रक्टर हातभर अंतरावर होता.

जुना_पाणबुड्या
चिऊताईंनी नेमकं सांगितलं. भर घालतो, जरा लांबण लागेल.

तीन कोर्स म्हणजे एकाच जिन्याच्या तीन पायऱ्या असं लोक धरून चालतात. तसं नाही. कॅव्हर्नमध्ये दिवसाचा उजेड नजरेआड होऊ द्यायचा नसतो आणि पृष्ठभागापासून एकूण साठेक मीटरच्या आत राहायचं. इंट्रोत उजेड सुटतो, पण मुख्य दोरी सोडायची नाही, आणि बऱ्याच संस्था दोन सिलिंडरांतला फक्त सहावा भाग आत जायला वापरू देतात. सिलिंडरात २०० बार दाब असेल तर १६७ च्या आसपास मागे वळा. फुलमध्ये तिसरा भाग मिळतो, वळायचं १३४ ला. एक तृतीयांश जायला, एक यायला, आणि उरलेला तुमचा नाहीच, जोडीदाराचा आहे. शिवाय एका दोरीवरून दुसरीवर उड्या, म्हणजे मुख्य दोरी सोडून बाजूच्या दोरीवर जाणं. आता डोक्यात नकाशाही धरायचा आणि हवेचा हिशोबही.

त्यामुळे माझं मोजमाप दिवसांचं नाही. पाण्यात तरंगणं, फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं), गाळ न उडवता जागच्या जागी वळणं, मागे सरकणं हे सगळं लक्ष न देता होतंय का? होत नसेल तर डोकं तिथेच खर्ची पडणार आणि फाट्यापाशी रिकामं काही उरणार नाही. अमेरिकेतल्या शेक एक्सली यांनी १९७९ मध्ये अपघातांची छाननी करून नियम मांडले, पुढे त्यांत भर पडली; आज ते असे: प्रशिक्षण, बाहेरपर्यंत अखंड दोरी, हवेचा तिसरा भाग, खोलीची मर्यादा, तीन टॉर्च. फ्लोरिडात गुहांच्या तोंडाशी सांगाड्याच्या चित्राचा फलक असतो, त्यात मेलेल्यांमध्ये ओपन वॉटर इन्स्ट्रक्टरही होते असं स्पष्ट लिहिलंय. ८७ डाइव्ह चांगल्याच, पण त्या समुद्रातल्या. वर जायचा रस्ता डोक्यावर मोकळा असतानाच्या.

माझं मत: कॅव्हर्न आणि इंट्रो करा. उरलेल्या दिवसांत नवं काही न शिकता इंट्रोच्याच मर्यादेत डाइव्ह करा, जमेल तितक्या. हा कंटाळवाणा भागच खरा कोर्स. साइडमाउंट (सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही कुशींना लावणं) घ्यायचं असेल तर त्याची सवय आधी इथे समुद्रात करून जा, कोर्सच्या पहिल्या दिवशी नवा संच चढवू नका.

दोर_आणि_दिवा
काकांचं पटतं, पण तिकिटाचा हिशोब ते सोडून बोलताहेत. मुंबईकराला चार फेऱ्या परवडत नाहीत हेही खरंच की. मधला मार्ग सांगतो. दहा दिवस ठरवा, पण फुल केव्हचे पैसे आधी भरू नका. इन्स्ट्रक्टरला पहिल्याच मेलमध्ये लिहा: सहाव्या दिवशी पुढे न्यायचं की नाही ते तुम्ही सांगा, नाही म्हणालात तरी मी तेवढ्याच दिवसांचे पैसे देईन. आणि विचारा, गेल्या वर्षी किती जणांना कार्ड दिलं नाहीत? 'सगळे पास होतात' असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.

ठाण्याची_चिऊ
@दोर_आणि_दिवा हे आवडलं. मी आगाऊ भरले होते, त्यामुळे मला आणि इन्स्ट्रक्टरला, दोघांनाही 'नाही' म्हणणं जड गेलं असणार.

अजून एक. इथे गुहा नसली तरी गच्ची आहे. माझ्या दोन पावसाळ्यांची कमाई तीच. पाण्याच्या टाकीच्या पाइपापासून डिशच्या खांबापर्यंत, तिथून जिन्याच्या कठड्यापर्यंत नायलॉनची दोरी बांधायची, डोळ्यांवर फडकं, आणि दोरीभोवती अंगठा-तर्जनीचं कडं करून चालायचं. दोरी हातात गच्च पकडायची नाही, ओढायची नाही. गाठी, खुणा, हरवलेली दोरी शोधणं, जोडीदाराच्या दंडाला धरून इशारे देणं, सगळं कोरड्यावर होतं. कोर्समध्येही आधी जमिनीवरच करून घेतात. वॉचमनने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने थेट आईला बोलावून आणलं.

आईचं तर वेगळंच. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत पोरं अडकली तेव्हापासून तिचं एकच वाक्य: त्यांच्या पाण्याला पंप लावायला आपल्या किर्लोस्करांची माणसं गेली होती, तुझ्यासाठी कोण येणार?

जुना_पाणबुड्या
आईंना नमस्कार सांगा.

आणि मालवणात पाणी गढूळ निघालं की सगळे पैसे बुडाले म्हणून रडतात. @गिरगावचा_मासा, तुम्ही तेव्हाच उतरा, अर्थात तिथल्या गाइडबरोबर. हाताचा पंजा धूसर दिसत असताना श्वास शांत ठेवता येतो का, हे मेक्सिकोच्या काचेसारख्या पाण्यात कळत नाही.

गिरगावचा_मासा
सर्वांचे आभार. ठरवलं: कॅव्हर्न आणि इंट्रोचेच पैसे भरतोय, सहाव्या दिवसाची अट मेलमध्ये टाकली. पहिल्या इन्स्ट्रक्टरचं उत्तर नाही आलं अजून, दुसऱ्याचं तासाभरात आलं.

ससून डॉकजवळून ५० मीटर दोरी आणली. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ते विचारताहेत कशाला हवी. काय सांगू?

ठाण्याची_चिऊ
वाळवणं घालायचीत म्हणा. आणि दोन-चार पापड खरंच ठेवा, ते वर बघायला येतात.