अरुण खेत्रपाल, वय २१ : तुमच्या घरातल्या, ऐकलेल्या आठवणी लिहा

१६ डिसेंबर १९७१ म्हटलं की ढाक्याची शरणागती आठवते. त्याच दिवशी इकडे पश्चिमेला, पाकिस्तानातल्या शकरगडच्या पट्ट्यात बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल गेला. जन्म पुण्याचा, १९५० चा. ७१ च्या जूनमध्ये पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये कमिशन मिळालं आणि डिसेंबरच्या लढाईसाठी परमवीर चक्र, मरणोत्तर. मध्ये फक्त सहा महिने. त्याच्याबद्दल किंवा तुमच्या घरातल्या अशा कोवळ्या वयात गेलेल्या फौजीबद्दल जे आठवतं ते लिहा, लहानमोठं काहीही.

---

मी नगरचा. युद्ध पेटलं तेव्हा अरुण इथेच यंग ऑफिसर्स कोर्स करत होता, तो अर्धवट टाकून सगळ्यांना युनिटला पाठवलं. जाताना गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा युनिफॉर्म बरोबर घेतला, लाहोरला गोल्फ खेळायचं आणि जिंकल्यावर पार्टी होईल तर कपडे नकोत का! हे वाचलं तेव्हा शौर्यबिर्य नंतर, मला आधी त्याचं वय दिसलं. माझा मुलगा आत्ता तेवढाच आहे.

---

मुलगा खडकवासल्याला एनडीएत होता. पासिंग आउट परेड होते ते मैदान खेत्रपालच्याच नावाचं आहे. त्या दिवशी इतर आयांसारखी मीही फोटो काढण्यात दंग होते, माइकवर मैदानाचं नाव ऐकलं आणि पोटात गोळाच आला. लोकांना वाटतं फौजी घरात भीतीबद्दल बोलत नाहीत. आम्ही बोलतो, लेकाशीसुद्धा, आणि तरीही त्याला जा म्हणतो.

---

मी रणगाड्यावर गनर होतो, भरती ७१ नंतरची, पण ही लढाई आम्हाला उस्तादांनी जमिनीवर खडूने काढून शिकवली. १५ च्या रात्री इंजिनियरवाले सुरुंग काढत होते, काम निम्मंच झालेलं आणि समोर शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसली, मग पूना हॉर्सने उरलेल्या सुरुंगांतून तसेच रणगाडे घातले. १६ ला दुसऱ्या स्क्वाड्रनने कुमक मागितली, अरुण आपले रणगाडे घेऊन धावला. त्याच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली, रेडिओवर बाहेर पड म्हणून हुकूम आला, त्याने सांगितलं गन अजून चालतेय, सोडणार नाही. पेटलेला रणगाडा काय असतो ते आत बसलेल्यालाच कळतं, धूर कोंडलेला, दारूगोळा हाताच्या अंतरावर, आणि तशात नेम धरायचा. शत्रूचे चार रणगाडे त्याच्या नावावर आहेत, शेवटचा तर जेमतेम शंभर मीटरवर होता. पण सेंच्युरियनमध्ये चौघं असतात हो. ड्रायव्हर, गनर, लोडर, हेही तिथेच होते, गोळा भरणारा हात थांबला असता तर गन चालली असती का? त्यांची नावं कोणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

---

माझा थोरला भाऊ ७१ लाच गेला, शकरगड भागातच, पायदळात होता. १७ ला युद्धबंदी झाली, रेडिओवर ऐकून आईने देवापुढे साखर ठेवली, आता येईल म्हणून. तार त्यानंतर आली.

अरुणचे वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, २००१ मध्ये ८१ वर्षांचे असताना सरगोध्याचं आपलं जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला पाकिस्तानी फौजेतल्या ब्रिगेडियर नासर यांच्या घरी उतरले, त्यांनी खूप आदरातिथ्य केलं आणि निघायच्या आदल्या रात्री सांगितलं की तुमचा मुलगा माझ्याच हातून गेला. त्या म्हाताऱ्या बापाने हे कसं ऐकून घेतलं असेल मला कल्पना करवत नाही, पण आमच्या अप्पांना निदान इतकं तरी कोणी समोर बसून सांगायला हवं होतं, पोरगा कसा गेला, जवळ कोण होतं. ते जाईपर्यंत हेच विचारत राहिले. तुमच्यापैकी कोणाचे वडील, काका तेव्हा तिकडे होते का? असतील तर प्लीज लिहा, भावाची पलटण मी कळवते.