जुना लष्करी जनरेटर ट्रेलर (१५ केव्हीए): सुरू करण्याआधी काय काय तपासावं?

भांडुपकर

नमस्कार मंडळी. लिलावाच्या लॉटमधून एक लष्करी जनरेटर ट्रेलर घेतला आहे, सध्या भिवंडीला गोडाउनमध्ये उभा आहे. पाटीवरचा मजकूर असा: १५ केव्हीए, ४१५ व्होल्ट, ३ फेज, ५० हर्ट्झ, पॉवर फॅक्टर ०.८, २०.९ अँपिअर, १५०० आरपीएम. चार सिलिंडरचं वॉटर-कूल्ड डिझेल इंजिन, इनलाइन पंप, २४ व्होल्टचा सेल्फ. ट्रेलर दोन चाकी, १६ इंची रिम, पुढे ओढायची गोल कडी.

आजची अवस्था: पुलीच्या नटला पाना लावला की इंजिन जवळजवळ एक फेरा मोकळं फिरतं आणि दोन्ही टोकांना ठणकन अडतं. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तिन्ही फेज ते बॉडी ०.२ मेगओहम दाखवतात. टाकीच्या तळाला काळा गाळ आहे. एक टायर बसलाय, दुसऱ्यात अजून हवा आहे.

नवीन बॅटऱ्या लावून आधी इंजिन सुरू करून पाहावं, की अल्टरनेटरचं वाइंडिंग (तांब्याच्या तारांची गुंडाळी) आधी? ०.२ म्हणजे रिवाइंडिंगच (तारा नव्याने गुंडाळणं) करावं लागणार का? आणि पावसाळ्याआधी ऑलिव्ह ग्रीन रंग उरकून घ्यावा असा विचार आहे. चालेल का?

जुनं_लोखंड

सेल्फला हात लावू नका, बॅटरी तर आणूच नका अजून. का ते इंजिनवाले सांगतीलच. मी चाकांबद्दल लिहितो, कारण जिवावर बेतणारी चूक तिथे होते.

लष्करी ट्रेलरच्या १६ इंची चाकांत दोन तुकड्यांची, नटबोल्टने जोडलेली रिम खूप आढळते. अशा चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतलं वर्तुळ चाक हबला धरतं. बाहेरचं वर्तुळ रिमचे दोन अर्धे एकमेकांना धरून ठेवतं, आणि त्यांच्यामागे टायरमधल्या हवेचा सगळा दाब असतो. हवा असताना बाहेरचे नट सैल केले तर रिमचा अर्धा भाग तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. ब्रिटिश पद्धतीच्या चाकांवर हे नट बहुधा लाल रंगवलेले असत, पण नंतरच्या रंगाखाली ते झाकले जातात. म्हणून चाकाला पाना लावण्याआधी दोन्ही टायरचे व्हॉल्व्ह काढा, भोकातून तार घालून मार्ग मोकळा आहे याची खात्री करा. गंजाने भोक बुजलं असेल तर व्हॉल्व्ह काढूनही हवा आत राहते. तुमच्या हवा असलेल्या टायरबद्दल मला हीच काळजी आहे.

२००० पासूनच्या टायरवर डॉट नंबर असेल तर त्याचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी कितीही चांगली दिसो, जुनं रबर रस्त्यावर नेऊ नका. नवीन टायरबरोबर ट्यूब आणि फ्लॅप (रिम आणि ट्यूबमधली रबरी पट्टी) दोन्ही नवे घ्या. जुना फ्लॅप कडक होऊन ट्यूब कापतो.

हब उघडून बेअरिंग रॉकेलमध्ये धुवा. रोलरवर खड्डे किंवा निळसर झाक दिसली तर बाद. रिंगवर कोरलेला नंबर घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तर बेअरिंग आणि ऑइल सील दोन्ही मिळण्याची शक्यता चांगली. बसवताना चाक फिरवत फिरवत नट आवळा, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे घेऊन स्प्लिट पिन घाला. पुढच्या कडीला तडा आहे का हे डाय पेनेट्रंट मारून बघा. लाल डाय, पुसणं, वर पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. कडीच्या मानेपाशी, जिथे ती दांड्याला मिळते, तिथे नीट बघा.

हे सगळं होईपर्यंत ट्रेलर ओढून हलवू नका. हायड्रा क्रेनने उचलून ट्रकवर टाका, आणि पट्टे चॅसिसच्या कड्यांना लावा, छताच्या सांगाड्याला नाही.

दारूखाना_डिझेल

तुम्ही दिलेल्या वर्णनात एक मोलाची गोष्ट आहे: जवळजवळ एक फेरा, आणि दोन्ही टोकांना ठणकन.

चार सिलिंडरच्या इंजिनात १ व ४ एकत्र वर येतात, २ व ३ एकत्र. प्रत्येक पिस्टन एका फेऱ्यात एकदा वर येतो. एखादा व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असेल, किंवा पिस्टनवर काही पडलेलं असेल, तर तो पिस्टन वर आला की आपटणार. म्हणजे एका आपटीपासून दुसरीपर्यंत जवळपास एक फेरा. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असतं तर अडथळा फक्त कॉम्प्रेशनला आला असता, आणि मोकळा पल्ला जवळपास दोन फेऱ्यांचा मिळाला असता. पल्ला अर्ध्याच फेऱ्याचा असता तर दोन्ही जोड्यांत काहीतरी अडलंय असं समजायचं. आणि लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) गंजाचं कडं असलं की ठणकन आवाज येत नाही, त्याच उंचीला प्रत्येक वेळी जड लागतं. तुमचा प्रकार बहुतेक अडकलेल्या व्हॉल्व्हचा आहे. या अवस्थेत सेल्फ मारला तर पुशरॉड वाकतो, व्हॉल्व्ह वाकतो, नशीब वाईट असेल तर पिस्टनला भोक.

आधी कपलिंग सोडून इंजिन आणि अल्टरनेटर वेगळे फिरवून बघा, म्हणजे आपटी इंजिनचीच आहे हे पक्कं होईल. मग रॉकर कव्हर काढा आणि सगळ्या व्हॉल्व्हची टोकं एका पातळीवर बघा. रॉकरने दाबलेला नसतानाही जो खाली बसलेला दिसेल त्याच्या गाइडमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं सोडा, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. पिस्टन खाली ठेवून व्हॉल्व्हच्या टोकावर लाकडी ठोकळ्याने हलके टोले द्या. स्प्रिंगने तो परत वर यायला लागला की पुरे. सुटला नाही तर हेड उतरवा. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्येही तेच मिश्रण चमचाभर सोडा.

आता पंप, म्हणजे या कामातला दुसरा धोका. इनलाइन पंपाचं बाजूचं झाकण उघडा. आतली रॅक (डिझेल कमीजास्त करणारी दांडी) बोटाने ढकलली तर सहज सरकली पाहिजे. बरीच वर्षं बंद राहिलेल्या पंपात डिझेलचा डिंक होतो आणि रॅक आहे तिथे चिकटते. ती पूर्ण डिझेलच्या जागी चिकटलेली असेल तर इंजिन सुरू होताच सुसाट सुटतं. वेग आवरणारा गव्हर्नर काही करू शकत नाही, स्टॉप लिव्हरही नाही. रॅक जड असेल तर पंप काढून थेट कॅलिब्रेशनवाल्याकडे. इंजेक्टरही त्याच फेरीत तपासून घ्या. मोकळी असली तरी पहिल्या स्टार्टला एअर क्लिनर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर दाबून बसेल असा जाड प्लायचा तुकडा हातात धरून एक माणूस उभा करा. हात किंवा फडकं कधीच नाही, ओढलं जातं.

टाकी उतरवा. सिट्रिक अॅसिड लिटरला १०० ग्रॅम, आत मूठभर नट टाकून हलवा, रात्रभर ठेवा. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, वाळवून लगेच डिझेलने खळखळून घ्या. आपल्या हवेत उघडं लोखंड दोन तासांत तांबूस होतं. गळतीसाठी टाकीवर वेल्डिंग करू नका. पहिला स्टार्ट स्वच्छ कॅनमधल्या डिझेलवर, नव्या फिल्टरने. हवा काढायची ती आधी फिल्टरच्या स्क्रूपाशी, मग पंपाच्या, शेवटी इंजेक्टरच्या पाइपचे नट सैल करून. इंजेक्टरचा फवारा हाताने तपासू नका, तो कातडी भेदून आत जातो.

ऑइल काढा, दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, तेव्हा हेड गास्केट आणि लायनरचे सील बघावे लागतील. नवीन ऑइल-फिल्टर घालून स्टॉप लिव्हर ओढून ठेवा आणि सेल्फ १० सेकंद मारा, मिनिटभर थांबा, परत मारा. ऑइल प्रेशरचा काटा उठल्याशिवाय लिव्हर सोडू नका.

सायलेन्सरवर गुंडाळलेली पांढरी दोरी जुन्या सेटमध्ये बहुधा अॅस्बेस्टॉसची असते. पाण्याने भिजवून, मास्क लावून काढा. कोरडी ओरबाडू नका.

भांडुपकर

खूप आभार. रॉकर कव्हर काढलं. ३ नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली बसलेला आहे, बाकीचे रॉकरने दाबलेले नसले की एका पातळीत. तेल सोडायला सुरुवात केली. अल्टरनेटर सुटा फिरवला, मोकळा आहे. पॅनेलवर फ्रिक्वेन्सीचं काट्याऐवजी पत्त्यांचं मीटर आहे, आणि डायलचे आकडे पिवळट दिसतात. ते घासून नवे रंगवावेत का?

आर्मेचर

आकडे अजिबात घासू नका. जुन्या लष्करी डायलवरच्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी रेडियम तसंच असतं, आणि धूळ छातीत जाणं हाच खरा धोका. काच बंद ठेवा, मीटर आहे तसं राहू द्या.

०.२ वरून रिवाइंडिंगचा निर्णय घेऊ नका. वाइंडिंग स्टारमध्ये जोडलेली असते, म्हणून तिन्ही फेज एकच आकडा दाखवणार. त्यातून कुठली फेज खराब हे कळत नाही. शिवाय लष्करी सेटमध्ये वायरलेसला खरखर होऊ नये म्हणून फेज आणि बॉडीमध्ये कपॅसिटर बसवलेले असतात. जुने झाले की ते गळतात, आणि तुमचा ०.२ त्यांचाही असू शकतो. टर्मिनल बॉक्समध्ये पॅनेलकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी सोडा, न्यूट्रल-बॉडीची पट्टी सोडा, रेग्युलेटर आणि रेक्टिफायर वेगळे करा, जमलं तर स्टार पॉइंटही उघडा. मग प्रत्येक फेज बॉडीशी आणि एकमेकींशी, आणि फील्ड (चुंबकत्व तयार करणारं वाइंडिंग) वेगळं, असं मोजा. सोडण्याआधी प्रत्येक वायरला चिठ्ठी आणि मोबाइलवर फोटो.

४१५ व्होल्टच्या सेटला किमान १ मेगओहम हा जुना कामचलाऊ नियम. मी ५ च्या वर गेल्याशिवाय फील्ड लावू देत नाही. मेगर दहा मिनिटं लावून ठेवा. दहाव्या मिनिटाचं रीडिंग पहिल्या मिनिटाच्या दुप्पट असेल तर इन्सुलेशन सुकं आहे. दोन्ही सारखीच असतील तर ओल किंवा मळ.

ओल काढायची पद्धत: आधी व्हॅक्यूम आणि मऊ ब्रशने धूळ काढा, प्रेशर वॉटर मारू नका. मग दोन्ही बाजूंनी १०० वॉटचे दोन-दोन पिवळे (तारेचे) बल्ब ठेवा, वाइंडिंगला न टेकता, वरून ताडपत्री, आणि ताडपत्रीला वरच्या बाजूला वाफ जायला भोक. तापमान तासाला १० अंशांहून जास्त वाढवू नका, ८० अंशांच्या वर नेऊ नका. तासातासाला मेगर आणि तापमान वहीत लिहा.

इथे बहुतेक जण घाबरतात: गरम केल्यावर रीडिंग आधी खाली येतं. ०.२ चं ०.०८ सुद्धा होईल. आतली ओल हलायला लागते, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचा आकडा ढोबळमानाने निम्मा होतो. थांबू नका. तळ गाठून तो वर चढायला लागतो, आणि चार-सहा तास एकाच जागी थांबला की वाळवण झालं. थंड झाल्यावर तो आणखी वर जाईल. वॉर्निश त्यानंतरच, हवेत सुकणारं, दोन पातळ हात. ओलीवर वॉर्निश मारलं तर ओल कायमची आत कोंडते. वाळवूनही एखादी फेज शून्यावरच राहिली तर मग रिवाइंडिंग.

एक्साइटरला (फील्डला वीज देणारा छोटा जनरेटर) कम्युटेटर (ब्रश घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) असेल तर तो काचपेपरने साफ करा, एमरीने नाही. एमरीचे कण पट्ट्यांमध्ये रुततात. पट्ट्यांमधला मायका तांब्याच्या पातळीत आलेला असेल तर साधारण पाऊण मिलिमीटर खाली कोरून घ्या, नाहीतर ब्रश उडतात आणि ठिणग्या पडतात.

पहिल्यांदा चालवताना १५०० आरपीएमला व्होल्ट येत नसतील तर फील्डमधलं उरलेलं चुंबकत्व गेलेलं असतं. इंजिन बंद करा, रेग्युलेटरच्या वायरी फील्डवरून सोडा, १२ व्होल्टची बॅटरी हेडलाइटच्या बल्बमधून फील्डला तीन ते पाच सेकंद लावा, प्लसला प्लस. उलटं लावलं तर आहे तेही जाईल.

तुमचं पत्त्यांचं मीटर म्हणजे या पॅनेलवरची सगळ्यात भरवशाची वस्तू. पांढऱ्या टोकांच्या पोलादी पत्त्या ओळीत असतात आणि ज्या पत्तीची फ्रिक्वेन्सी जुळते ती थरथरून उभ्या पांढऱ्या पट्ट्यासारखी दिसते, शेजारच्या दोन अर्ध्या हलतात. रिकाम्या सेटवर ५२ ची पत्ती नाचू द्या, म्हणजे १५६० आरपीएम. पूर्ण लोडवर ती ५० ला येईल. रिकाम्यावरच ५० लावलंत तर लोडवर फ्रिक्वेन्सी ४८ पर्यंत घसरेल.

लोडसाठी पाण्याच्या पिंपात २ किलोवॉटची हीटर कॉइल प्रत्येक फेजवर एक, पिंपाला पक्कं अर्थिंग. ६ किलोवॉट म्हणजे सेटच्या १२ किलोवॉटचं (१५ × ०.८) निम्मं, एक तास. रिकामं चालवत ठेवू नका. थंड इंजिनात अर्धवट जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये काळं ओघळतं. आणि घराच्या वायरिंगला जोडायचं तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी जनरेटर किंवा लाइन, एकच जोडणारा) हवाच.

जुनं_लोखंड

रंगाचं राहिलं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, आणि मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येत ट्रेलरही येतो. तेव्हा रस्त्यावर आणायचा असेल तर तो रंग नको. मी राखाडी सुचवेन.

मूळ रंगाची नोंद मात्र ठेवा, संग्राहकासाठी तीच खरी किंमत. बिजागरीच्या मागे किंवा पाटीच्या कडेला रुपयाएवढ्या जागेत पाण्याचा पॉलिशपेपर गोल गोल फिरवा. झाडाच्या वलयांसारखे सगळे थर उघडे पडतात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. स्टेन्सिलचे आकडे ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. पितळी पाट्या ब्रासोने चकाचक करू नका, कोरलेली अक्षरं झिजतात.

आणि पावसाळ्याआधी घाईने उरकू नका. ब्लास्टिंगनंतर चार तासांत झिंक फॉस्फेट प्रायमर बसला पाहिजे, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबायचं. व्हॉल्व्ह आणि वाइंडिंग यातच मे महिना जाईल. पावसाळाभर ट्रेलर जॅकवर ठेवा, अल्टरनेटरमध्ये ४० वॉटचा एक बल्ब चालू राहू द्या, ताडपत्री खालून एक वीत मोकळी ठेवा, आणि रंग नोव्हेंबरात काढा.