मदत हवी आहे: मुंबईच्या आसपासच्या कमी गर्दीच्या जागा

मंडळी, जानेवारीत कोल्हापूरहून आईबाबांना घेऊन मुंबईला चाललोय, गेटवे, चौपाटी सगळं बघून झालंय त्यामुळं यावेळी वेगळं काहीतरी दाखवायचंय. बाबांना जुन्या देवळांचं भारी वेड, खिद्रापूरला गेले की प्रत्येक खांबापाशी थांबणार, म्हणून अंबरनाथचं शिवमंदिर नक्की केलंय, १०६० चा शिलालेख आहे तिथं आणि बांधलंय शिलाहारांनी, आपल्याकडं कोल्हापुरात त्यांचीच दुसरी शाखा राज्य करत होती, त्यामुळं बाबा आत्तापासूनच खूश आहेत. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी कल्याणला उतरून लोकलनं अंबरनाथ करावं म्हणतोय, सामान घेऊन जमेल का?

दुसरं, शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला भरती-ओहोटीची वेळ कशी धरायची? आईचे गुडघे दुखतात, कान्हेरीच्या पायऱ्या तिला झेपतील का, की मंडपेश्वर लेणी बरी? वसईचा किल्ला, चिमाजी अप्पांनी १७३९ ला जिंकलेला, तो मला स्वतःला बघायचाच आहे, पण स्टेशनवरून रिक्षा परतीला मिळते का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, तिकीट याच आठवड्यात काढायचंय.