तांबट आळीतल्या आप्पांची मुलाखत फसली. पुढच्या खेपेला काय करू?

कसब्याची_लेक

नमस्कार मंडळी,

माझं माहेर कसबा पेठेत, तांबट आळीला लागून. लहानपणी दुपारची झोप ठोक्यांच्या आवाजातच लागायची आणि ठोके थांबले की जाग यायची. आमच्या शेजारचे आप्पा आता ८४ वर्षांचे आहेत. बाराव्या वर्षी कामाला बसले आणि पुढं जन्मभर मठारकाम केलं, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हातोडीनं ठोके घालायचं काम. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या. गुडघे गेले तेव्हा थांबले. माझे आजोबाही याच कामातले. ते गेल्यावर तेराव्याला कुणीतरी म्हणालं, त्यांचा आवाज आहे का कुठं? घरभर शोधलं, कुठंच नव्हता. आप्पांच्या बाबतीत मला तसं होऊ द्यायचं नाही.

गेल्या रविवारी वहीत ४० प्रश्न लिहून गेले. पहिलाच प्रश्न, "तुमच्या व्यवसायात काळानुसार काय बदल झाले?" आप्पा म्हणाले, "झालेच की." दुसरा, "तेव्हा परिस्थिती हलाखीची होती का?" "होती." असे ४० प्रश्न २५ मिनिटांत संपले. आयुष्यभर ठोक्यांत बसल्यामुळे त्यांना ऐकू फार कमी येतं, म्हणून मी ओरडून विचारत होते. मध्येच त्यांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, उत्तर द्यायच्या. घरी येऊन ऐकलं तर पंख्याची घरघर आणि माझाच आवाज.

निघताना मात्र वेगळंच झालं. मोबाइल बंद करून पिशवीत टाकला होता. कोपऱ्यातलं घंगाळ बघून सहज विचारलं, "आप्पा, हे तुमच्या हातचं का?" त्यांनी ते मांडीवर ओढलं, बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "माझं नाही हे. माझा ठोका एवढा खोल नसतो. दादाचं आहे." मग वीस मिनिटं त्या भावाबद्दल बोलले. डोळे भरून आले त्यांचे. आप्पांना थोरला भाऊ होता हेच मला आजवर माहीत नव्हतं. त्यातला एक शब्दही नोंदला गेला नाही.

परवा रविवारी परत या म्हणालेत. कसं विचारू? वहिनींना काय सांगू? आणि आप्पा पुन्हा रडले तर थांबवायचं का?

सूप_मांडीवर

ताई, तुमची खरी मुलाखत घंगाळापाशी सुरू झाली. परवा तिथूनच पुढं जा.

मी बारा वर्षं विडी कामगार बायकांशी बोलतेय. सुरुवातीला त्यांना खुर्चीवर बसवायचे, समोर टेबल. सगळ्या जणी शाळेत उभं केल्यासारखी उत्तरं द्यायच्या. एकदा एका आजींना मालाची घाई होती. त्या म्हणाल्या, मी काम करते, तू विचार. मांडीवर सूप घेतलं, पान कातरायला लागल्या आणि तीन तास बोलल्या. तेव्हापासून मी कुणालाही रिकाम्या हातानं बसवत नाही. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून काम करत जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या संग्रहाकडं मी याच नजरेनं बघते. माझ्या आजीला जात्याचा खुंटा हातात असल्याशिवाय दुसरी ओवी आठवायची नाही.

आप्पांच्या हातात हातोडी द्या. गुडघे चालत नसले तरी धरून दाखवतील.

प्रश्नांबद्दल सांगते. "परिस्थिती हलाखीची होती का" यात उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत, त्यांना फक्त मान हलवायची उरली. "बदल काय झाले" हा तर निबंधाचा विषय झाला. असं विचारून बघा: सकाळी येऊन बसल्यावर पहिलं काय करायचात? शेजारी कोण बसायचं? पत्रा कोण आणायचं, तोलून की मोजून? पहिली मजुरी कुणाच्या हातात दिलीत? वहीत दहा-बारा शब्द पुरेत. वही उघडून बसलात तर माणूस तुमचं पान कधी संपतंय याचीच वाट बघतो.

आणि उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहा अंक मोजा. फार जड जातं, मला अजूनही जातं. पण सातव्या-आठव्या अंकाला माणूस पुन्हा बोलायला लागतो आणि तेव्हा जे बोलतो ते आधी कुणाला सांगितलेलं नसतं.

सन विचारू नका. आपल्याकडं जुन्या माणसांचं पंचांग वेगळं असतं. "पानशेतच्या आधी की नंतर?" म्हटलं की धरण फुटून पूर आला त्या १२ जुलै १९६१ च्या अलीकडचं-पलीकडचं लगेच सांगतात. पुढं कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), मग ७२ चा दुष्काळ. घरातली लग्नं, बाळंतपणंही धरा.

रडले तर तुम्ही शांत बसा. पाणी द्या. यंत्राकडं हात नेऊ नका, पण "थांबू का आप्पा?" एवढं विचारा आणि ते सांगतील तसं करा. तिथून उठून घाईनं घरी जाऊ नका. चहा घ्या, दुसरं काही बोला, मग निघा.

खर्जातला

ध्वनिमुद्रण हा माझा पोटापाण्याचा उद्योग, तेवढ्यापुरतं लिहितो.

पंखा बंद. फ्रिज त्याच खोलीत असेल तर तोही तासभर बंद, पण गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना चालू करायचं विसरणार नाही. मोबाइल चालेल, पण कॉलरला लावायचा वायरचा माइक घ्या आणि मोबाइल विमान मोडवर टाका. फाइल वेव्ह (WAV) प्रकारची ठेवा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओमध्ये तासाला साधारण एक जीबी जागा लागते. घरी आल्याबरोबर तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी.

सुरुवातीला तारीख, जागा, कोण बोलतंय हे स्वतःच्या आवाजात सांगा. वीस वर्षांनी फाइलचं नाव बदललेलं असेल, आवाज तोच राहील.

ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी ओरडू नका. वयानं किंवा आवाजानं कान गेले की बहुधा वरच्या पट्टीतलं आधी जातं. ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला, तोंड दिसेल असं बसा आणि खालच्या पट्टीत सावकाश बोला. पाटीवर मोठ्या अक्षरात एकेक शब्द लिहून दाखवलात तर आणखी सोपं. आणि हातोडी देणार असाल तर आवाजाची पातळी आधीच खाली आणा, नाहीतर पहिल्याच ठोक्याला आवाज फाटेल.

उंबरठा

सूनबाईंना गप्प कसं करायचं हे विचारताय, तर एक सून म्हणून सांगते: त्यांचीही मुलाखत घ्या. वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत, आणि आधीच तसं कबूल करा. ठोक्यांच्या घरात नांदायला आल्यावर पहिल्या रात्रीपासून त्यांनी काय ऐकलं, स्टील आलं, घरोघरी गिझर आले, बंबाला गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा स्वयंपाकघर कसं चाललं, हे आप्पांना सांगता येणार नाही.

सन_सनावळी

तारखा चुकल्या तरी मध्येच दुरुस्त करू नका. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाला तेर्नी गावातले कामगार सांगत, की आमचा सोबती १९५३ च्या कामगारकपातीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीनं गेला. तो गेला होता १९४९ मध्ये, नाटोविरोधी मोर्चात. नोकऱ्या गेल्या ती मोठी जखम, म्हणून लोकांनी तो मृत्यू मनात तिथं नेऊन ठेवला होता. ही चूक जर कुणी बोलता बोलता सुधारली असती तर हे कधीच कळलं नसतं. खरी तारीख घरी येऊन समासात लिहा.

कसब्याची_लेक

मंडळी, काल जाऊन आले.

वही घरीच ठेवली. आजोबांची हातोडी बरोबर नेली, ती माळ्यावर होती. आप्पांनी तिचा दांडा हातात फिरवला आणि म्हणाले, "हा दांडा तुझ्या आजोबानं बदललाय. मूळचा नाही." मग घंगाळ उपडं घालून पहिला ठोका तळाच्या मध्यावर कसा पडतो आणि तिथून गोल गोल बाहेर कसं यायचं ते दाखवलं. म्हणाले, "ठोक्याला ठोका खेटून पाहिजे. मध्ये जागा राहिली की भांडं चुगली करतं." शेजारी कोण बसायचं हे विचारलं तर आळीच्या एका टोकापासून घरं मोजत गेले. अकरा घरं, अकरा नावं. एका नावापाशी अडले, मी मनात मोजत राहिले, आणि नवव्या अंकाला नाव आलं.

एक तास दहा मिनिटं झाली. दादाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी हातानं खूण केली. मी विचारलं, "बंद करू?" ते म्हणाले, "चालू राहू दे. पण हे मी असेपर्यंत कुणाला ऐकवायचं नाही." ते वाक्यही त्यांच्याच आवाजात नोंदलंय. संमतीच्या कागदावर तसंच लिहिलं, वाचून दाखवलं आणि त्यांनी खाली सही केली. तो भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवलाय.

वहिनींना बुधवारचं विचारलं. आधी "माझं काय आहे सांगण्यासारखं" म्हणाल्या. मी चपला घालत होते तेव्हा जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दुपारी तीनला ये. आप्पा झोपलेले असतात."