झाडपाल्याची औषधं आणि हार्मोन्स: माहिती असेल ते इथे लिहा

तापीकाठची
माळा आवरताना जुना खल निघाला, तळाला ज्येष्ठमधाची काडी चिकटलेली. 'झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय' हे ऐकतच आपण मोठे झालो. होतं बरं का! ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं. हे एन्झाइम तिथलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) निकामी करत असतं. ते अडलं की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनचं, म्हणजे अंगात मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनचं, काम करू लागतं: मीठपाणी अंगात साचतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी चढतं. नडगीवर अंगठा ५ सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर सूज आहे. खोकल्याला दोन दिवस काडी चघळणं वेगळं, महिनोन्‌महिने चमचाभर पूड घेणं वेगळं. बीपीची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर नकोच.

रावेरचा_भाऊ
पोटॅशियम कमी ना? मग आपली केळी कशाला आहेत 😄

तापीकाठची
भाऊ, केळ्याने नाही भागत. पूड बंद केली तरी परिणाम उतरायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर रक्तातलं पोटॅशियम तपासून डॉक्टर सांगतील तेच.

लॅबवाला_भुसावळ
केसांसाठीच्या गोळ्या सांगायच्या राहतात सगळ्यांच्या! त्यात बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) असतं, ५-१० मिलिग्रॅम. थायरॉईड तपासायच्या बऱ्याच किट बायोटिनच्या जोडणीवरच चालतात, रक्तात जास्तीचं बायोटिन आलं की ती जोडणी बिघडते. त्यामुळे टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन) खोटं कमी, टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) खोटं जास्त दिसतं. माणूस ठणठणीत, रिपोर्टात थायरॉईड वाढलेलं. रक्त देण्याआधी निदान २ दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर जास्त दिवस. आणि रक्त घेणाऱ्याला सांगा.

चोपडा_मेडिकल
अश्वगंधा. थायरॉईडची पातळी वाढवू शकते. थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) चालू असताना वरून ही घेतली तर धडधड, घाम, हाताला कंप. बंद केल्यावर टीएसएच ६ आठवड्यांनी तपासा, आधी केलं तर खरा आकडा मिळत नाही. डबीवर 'मूळ' लिहिलंय का बघा; पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयाने २०२१ सालीच सांगितलंय. ३०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे ३०० मिलिग्रॅम चूर्ण नव्हे, अर्क कितीतरी तीव्र असतो. डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद, लिव्हरची तपासणी. गरोदरपणी नाहीच.

अमळनेरची_ताई
मेथीचे लाडू पण बंद का मग? बाळंतिणीचे केलेत हो 😟

चोपडा_मेडिकल
नाही ताई, खाऊ द्या. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर, लाडू तासाभराने. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांनी. फक्त शुगरची गोळी चालू असेल तर साखर खाली जाऊ शकते, तेव्हा मोजत राहा.

शिरपूर_नर्स
बाजारातली सांधेदुखीची पुडी कोणीच लिहिली नाही. तिसऱ्या दिवशी दुखणं गायब, भूक वाढते, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे. मग शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल बनवणारी ग्रंथी सुस्त पडते. म्हणून घरच्या घरी एकदम तोडू नका. उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली, जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, सकाळी ८ च्या सुमारास कॉर्टिसॉल तपासतात, मग ते पायरीपायरीने उतरवतात.

अमळनेरची_ताई
सिस्टर, पुडीवर नाव-गाव काहीच नसतं ना पण?

शिरपूर_नर्स
तरी न्या. रोज किती पुड्या, किती महिने झाले, एवढं चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.