हँडलला पट्टा नको
ट्रेलरमध्ये बाईक बांधताना हँडलला पट्टे आवळले की झालं असं कुणीतरी म्हणतं, तसं नका करू राव, हँडल जरा फिरलं की पट्टा सैल. खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (पुढच्या फोर्कचे दोन्ही पाय धरणारा जोड) सॉफ्ट लूप (कापडी पट्ट्याचा फास) अडकवून दोन्हीकडून रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) तिरके पुढे ओढायचे, पुढचं सस्पेन्शन साधारण अर्धं दबेपर्यंत, पार तळाला नाही. पुढचं चाक चॉकमध्ये (चाक धरून ठेवणारी चौकट) हवंच. आणि ट्रेलर गाडीला जोडूनच बाईक चढवा, मी एकदा आळस केला तर मागचं टोक खाली, पुढचा दांडा वर आणि बाईक जवळजवळ माझ्या अंगावर! टॉय हॉलरचं (बाईक ठेवायला गॅरेज असलेला राहण्याचा ट्रेलर) गॅरेज बहुतेक मागेच असतं त्यामुळे बाईकच्या वजनाने हिचवरचं (ट्रेलर गाडीला जोडतो त्या जागेवरचं) वजन घटतं, ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के राहतंय का बघा, नाहीतर वेगात शेपूट डुलायला लागते.