शब्दचर्चा: 'खवले कीड' आणि जाती-प्रजातीचा घोळ

प्रश्न
एका फोटोखाली ओळ लिहायची आहे. लिंबाच्या फांदीवर तांबूस तपकिरी, गोल ठिपके आहेत. खरवडले की टवका निघतो. फोटो पाठवणाऱ्याने 'स्केल इन्सेक्टची एक प्रजाती' एवढंच लिहिलंय. 'स्केल'ला खवले म्हणायचं का? मला तर मासाच आठवतो. आणि 'प्रजाती' बरोबर की 'जाती'?

प्रतिसाद १
'खवले कीड' शेतीत चांगला रुळलेला शब्द आहे, त्याला हात लावू नका. माशाचा खवला मात्र अंगाचाच भाग असतो. इथलं टोपण किडीने स्वतः बनवलेलं असतं, मेण आणि टाकलेली कात मिळून. हो, कातच. सापाइतकाच हा शब्द इथेही चपखल बसतो. टोपणावर एक गडद ठिपका दिसतो ना, ती लहानपणीची कात.

प्रतिसाद २
जाती-प्रजातीबद्दल. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात 'स्पीशीज' म्हणजे जाती आणि 'जीनस', म्हणजे जवळच्या जातींचा गट, त्याला प्रजाती (काही ठिकाणी वंश). हिंदीत 'स्पीशीज'लाच प्रजाति म्हणतात. तिथून तो अर्थ वर्तमानपत्रांत शिरला आणि आता सगळे सर्रास तसंच लिहितात. 'जात' शब्द टाळायचा म्हणूनही 'प्रजाती' बरा वाटत असावा, पण त्यामुळे जीनसला शब्द उरत नाही. मी अजून 'जाती'च लिहितो, लोक दुरुस्त करतात, मी परत लिहितो.

प्रतिसाद ३
मुळात फोटोवरून जात सांगायला जाऊ नका. आधी कुल (फॅमिली, जीनसच्या वरचा गट) बघा. सुईच्या टोकाने टोपण हळूच उचला. ते वेगळं निघालं आणि किडा खाली सालीलाच राहिला, तर डायस्पिडिडी, म्हणजे कठीण कवचाची खवले कीड. टोपण आणि अंग वेगळं होतच नसेल तर बहुधा कॉक्सिडी, मऊ खवले. कात टाकण्याच्या काळात पहिल्या प्रकारातही टोपण चिकटून बसतं, म्हणून चारपाच ठिकाणी करून बघा. पानं चिकट आहेत का, त्यावर काळी बुरशी आहे का? मऊ खवले गोड चिकटा सोडतात, कठीण कवचवाले सोडत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती
फांदी मिळवली. पाच ठिकाणी सुई लावली, चार ठिकाणी टोपण बशीसारखं सुटलं. खाली पिवळसर, बिनपायांची, बिनपंखांची पिशवी. हा किडा आहे यावर विश्वास बसेना! चिकटा नाही.

प्रतिसाद ३
ती प्रौढ मादी. मादीला पाय फक्त पिल्लू असताना असतात; पिल्लू जागा शोधून सोंड खुपसतं आणि मादी असेल तर कायमचं तिथेच बसतं. नराला बहुधा पंखांची एकच जोडी, आणि तोंडच नसतं, खाणं बंद. त्यामुळे जात ओळखायला मादी लागते: कॉस्टिक पोटॅशमध्ये (एक तीव्र क्षार) मऊ करून, रंगवून, काचपट्टीवर चढवलेली. पोटाच्या टोकाचे खंड एकजीव होऊन जी चकती बनते, तिच्या कडेचे दाते आणि छिद्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. टोपणाच्या रंगावर भिस्त ठेवली की फसगत ठरलेली.

प्रतिसाद ४
मग पिठ्या ढेकूणही यातलाच? नाव मात्र ढेकणाचं!

प्रतिसाद १
यातलाच. स्यूडोकॉक्सिडी कुल, अंगावर पिठासारखं मेण. खऱ्या ढेकणाशी नातं गणापुरतं (कुलाच्या वरचा गट), दोघेही अर्धपंखी गणातले. लाखेचा किडाही याच गोतावळ्यातला. (ती लाख 'लाक्षा'वरून, शंभर हजारांचा लाख 'लक्ष'वरून.) 'किरमिजी'चं मूळही इथलंच: ओकवरच्या अशाच किड्यांपासून तो लाल रंग काढत. शब्द फारसी-अरबीतून आला, त्यातला 'किर्म' आपल्या 'कृमी'चा चुलतभाऊ. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये यांना 'कॉकस' नावाखाली घातलं. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ दाणा. वाळलेले किडे लोकांना दाणेच वाटत.

मूळ प्रश्नकर्ती
ओळ अशी केली: 'लिंबाच्या फांदीवरील खवले कीड (कुल डायस्पिडिडी), जाती निश्चित केलेली नाही.' पाठवणाऱ्याचा लगेच निरोप आला, 'प्रजाती हवं होतं ना?'